जिनसेंग यादीत का नाही?

दक्षिण कोरियाच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाने सौंदर्यप्रसाधनांसाठी घटकांची एक यादी ठरवून दिली आहे. त्यातला घटक सांगितलेल्या प्रमाणात वापरला, की 'त्वचा उजळते' किंवा 'सुरकुत्या कमी होतात' या दाव्यासाठी कंपनीला परिणामाचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. उजळपणाच्या यादीत नायसिनामाइड आहे, २ ते ५ टक्के. आर्ब्युटिन आहे, क जीवनसत्त्वाची काही रूपं आहेत. सुरकुत्यांसाठी रेटिनॉल आणि ०.०४ टक्के अ‍ॅडेनोसिन. वनस्पतींचे अर्क शोधायला गेलं तर दोनच हाती लागतात. एक ज्येष्ठमधाचा, तेलात विरघळणारा, ०.०५ टक्के. दुसरा कागदी तुतीचा, २ टक्के. हे तेच झाड, ज्याच्या सालीपासून कोरियात शतकानुशतकं 'हान्जी' हा हातकागद बनत आला.

जिनसेंग ही कोरियाची नावाजलेली औषधी मुळी त्यात नाही. तेही अशा देशात, जिथे आजच्या अमोरेपॅसिफिक कंपनीने १९६६ सालीच जिनसेंगचं क्रीम बाजारात आणलं होतं. यादीबाहेरच्या वनस्पतींना बंदी नाही, फक्त दाव्याचा पुरावा कंपनीने स्वतः द्यायचा असतो. तरीही कोरियन क्रीमच्या डबीवरचं मुळीचं चित्र पाहून पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाने ही यादी एकदा वाचावी असं मला मनापासून वाटतं.

कोरियन औषधी परंपरा कच्ची नाही. राजवैद्य हो जून यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला 'दोंगुइ बोगाम' हा २५ खंडांचा वैद्यकग्रंथ युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहे. पण तिथली बहुतेक औषधं काढा करून प्यायची. पोटात जाणं वेगळं आणि कातडीतून आत शिरणं वेगळं.

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण बाहेरचं आत येऊ न देण्यात तो पक्का आहे. २००० साली बोस आणि मायनार्डी या अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला: धडधाकट त्वचेतून सहज आत जाणारे रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा हलके असतात (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा, नायसिनामाइडचा १२२ चा. जिनसेंगमधल्या प्रमुख घटकांपैकी एक, जिन्सेनोसाइड आरबी-१, सुमारे ११०९ डाल्टनचा आहे.

हा रेणू इतका जड कशाने? त्याच्या गाभ्याला ग्लुकोजचे चार रेणू चिकटलेले असतात. आपण जिनसेंग खातो तेव्हा आतड्यातले जिवाणू ही साखर एकेक करून तोडतात आणि शेवटी एकच ग्लुकोज असलेलं 'कंपाउंड के' उरतं, वजन सुमारे ६२३. चेहऱ्यावर लावलेल्या जिनसेंगला जिवाणूंची ही फौज मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत विकरं (एन्झाइम) वापरून आधीच साखर तोडण्याचा मार्ग काढला गेला. याच दिशेचं एक पाऊल कोरियन शेतकऱ्यांनी फार पूर्वी टाकलं होतं. ताजी मुळी वाफवून वाळवली की ती लालसर तपकिरी होते. हा रंग साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेचा. त्याच उष्णतेने जिन्सेनोसाइडांची काही साखर गळते आणि ताज्या मुळीत जवळपास नसलेला आरजी-३ हा जिन्सेनोसाइड तयार होतो. हे वाफवलेलं लाल जिनसेंग आणि न वाफवता वाळवलेलं पांढरं जिनसेंग हे रसायनाच्या दृष्टीने खरोखर दोन वेगळे पदार्थ आहेत. डबीवर नुसतं 'जिनसेंग' लिहिलं असेल तर यातलं आत काय आहे ते कळत नाही.

आता ज्येष्ठमध यादीत कसा आला ते पाहू. कोरियात जिथेतिथे हजर असणाऱ्या माणसाला 'औषधाच्या दुकानातला ज्येष्ठमध' म्हणतात, इतका तो तिथल्या काढ्यांत मुरलेला. पण यादीतला अर्क काढ्याचा नव्हे. त्यातला कामाचा रेणू ग्लाब्रिडिन, वजन ३२४ डाल्टन, आणि तो तेलात विरघळतो. हलका आणि तेलाशी जमणारा, म्हणजे वरच्या थरातून वाट काढायला दोन्ही गुण जुळलेले. आत गेल्यावर तो टायरोसिनेज या विकराला अडवतो आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन कमी बनतं. गंमत अशी, की कोरियन काढ्यांत बहुतेक ज्येष्ठमधाची उरालेन्सिस ही जात वापरतात, तर ग्लाब्रिडिन मुख्यतः ग्लाब्रा जातीत मिळतं. ग्लाब्रा म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो तो ज्येष्ठमध.

म्हणून घरची पूड गुलाबपाण्यात कालवून लावावी का? खुशाल लावा, थंड वाटेल. पण ग्लाब्रिडिन पाण्यात जवळपास उतरत नाही. उतरतं ते गोड ग्लिसरायझिन, ८०० डाल्टनहून जड. आणि 'उजळणं' म्हणजे मुरमांचे किंवा उन्हाचे डाग फिके होणं, एवढंच समजावं. सावळ्या वर्णाला औषधाची गरज नाही, आणि मुलींना हे कोणत्याही जाहिरातीच्या आधी घरातूनच कळायला हवं.

५०० डाल्टनच्या नियमाला ब्राह्मी छेद देते असं वाटू शकतं. मंडूकपर्णी हे तिचं दुसरं नाव, 'सिका' क्रीमांतला हिरवा घटक तो हाच. तिचे एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड हे दोन्ही रेणू ९५० डाल्टनच्या वर. पण तिची आधुनिक कीर्ती जखमांवरून झाली. १९४०च्या दशकात मादागास्करमध्ये कुष्ठरोगाच्या व्रणांवर तिचा अभ्यास झाला, त्यातून फ्रान्समध्ये मलम निघालं आणि पुढे ते कोरियात घरोघरी पोचलं. फुटलेल्या त्वचेत तो वरचा थरच शाबूत नसतो, मग वजनाची अट कुठली! सोललेल्या, चिडलेल्या चेहऱ्यावर सिका क्रीमने बरं वाटणं आणि निरोगी चेहऱ्यावर काहीच फरक न दिसणं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

डबीवरचे आकडेही नीट वाचावेत. 'ब्राह्मी अर्क ७० टक्के' म्हणजे बहुधा पानं भिजवलेलं पाणी ७० टक्के, त्यात एशियाटिकोसाइड किती ते वेगळंच. घटकांची नावं जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असतात, मात्र १ टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही, तेव्हा त्याच्या नंतर छापलेली सगळी नावं १ टक्का किंवा त्याहून कमी. अर्थात ज्येष्ठमधाच्या त्या अर्काला ०.०५ टक्केच पुरतात, त्यामुळे शेवटी नाव आहे म्हणून घटक फुकट, असंही नाही.

एका कोरियन वनस्पतीबद्दल मात्र महाराष्ट्रातल्या वाचकांनी जास्त जपावं. 'सुक' नावाची ही वनस्पती आपल्या जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या प्रजातीतली. कोरियन पुराणकथेत लसूण आणि हाच पाला खाऊन अस्वलीण स्त्री झाली. आज ती शांत करणारी म्हणून टोनर आणि मास्कमध्ये असते. पण दवणा, शेवंती, सुक आणि गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली. गाजरगवताने अंगावर उठतं ते सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या गटातल्या रसायनांमुळे, आणि ती या कुळात सर्रास आढळतात. ज्यांना शेतात किंवा रस्त्याकडेला गाजरगवताचा त्रास होतो, त्यांनी हे टोनर टाळलेलं बरं. वापरायचंच असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं, मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून काही दिवस पाहावं. ही अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते.