आयला बेटावर फिनेलचा वास

स्पेलिंग बघून आपण इस्ले वाचतो, पण तिथली माणसं म्हणतात आयला. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट, फेरीबोटीने दोनेक तास, आणि आम्ही चौघं मराठी त्या नावावरच हसत बसलो होतो. बोमोर गावातल्या १७७९ सालच्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत पाय ठेवला तर पहिला वास आला तो फिनेलने पुसलेल्या दवाखान्याचा, आणि मागून चुलीचा धूर.

नाक चुकलं नव्हतं. तो फिनॉल आणि त्याच्या भावंडांचाच वास. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमा सडू नयेत म्हणून जे कार्बॉलिक अ‍ॅसिड वापरलं ते म्हणजे फिनॉलच, त्यामुळे हा वास आणि दवाखाना ही जोडी जुनी आहे.

व्हिस्कीत तो येतो कुठून? बार्ली भिजवून फरशीवर पसरतात, मोड येऊ देतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्व करतात ना, तसंच काहीसं. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात, ती पुढे स्टार्चची साखर करतात, कारण दारू बनवणाऱ्या यीस्टला साखर चालते, स्टार्च नाही. दाणे लाकडी फावड्याने सारखे उलटायला लागतात, नाहीतर मुळं गुंतून गालिचा होतो आणि ढीग आतून तापतो. आता बहुतेक डिस्टिलऱ्या तयार माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) विकत घेतात, बोमोरमध्ये मात्र थोडं तरी अजून असं हाताने करतात.

मग मोड थांबवायला भट्टीत वाळवायचं, आणि खरी गंमत इथेच आहे. बेटावर झाडं कमी, पण पीट भरपूर. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ, गवत, झुडपं, विटांसारखं कापून वाळवलेलं. ते धुमसलं की फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल असे रेणू धुरातून ओलसर दाण्याच्या सालीवर बसतात. बोमोरच्या माल्टमध्ये दहा लाख भागांत साधारण २५ भाग फिनॉल्स, म्हणजे आयलाच्या हिशोबाने मध्यमच.

त्यातले बरेच पुढे गळतात. तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन होतं (तांबं कशाला, तर गंधकाची घाण वासाची संयुगं ते धरून ठेवतं, नुसती शोभा नाही), आणि फिनॉल्सचा उत्कलनबिंदू जास्त असल्याने ते वाफ थंड होऊन पडणाऱ्या धारेच्या शेवटाकडे जास्त येतात. धार कधी तोडायची, म्हणजे गोळा करणं कधी थांबवायचं, यावर धूर किती उरणार ते ठरतं. उशिरा तोडली की धूर वाढतो पण सोबत नको ते जड वासही येतात.

नंतर ओकची पिंपं, कायद्याने किमान ३ वर्षं. इथलं सगळ्यात जुनं कोठार समुद्रपातळीच्या खाली आहे, भिंतीपलीकडे लॉक इन्डाल या खाडीचं पाणी. समुद्राचं मीठ व्हिस्कीत उतरतं म्हणतात, मला काही पटलं नाही. थंडी आणि दमटपणा मात्र खरा, म्हणून वर्षाला जेमतेम २ टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात पॉल जॉन व्हिस्कीवाल्यांकडे हाच वाटा ८ टक्क्यांच्या घरात, आपले देवदूत जास्त पिणारे, दुसरं काय. पण त्याच उष्णतेने व्हिस्की मुरतेही लवकर.

एक गोष्ट फार आवडली, डिस्टिलरीची वाया जाणारी उष्णता शेजारच्या स्विमिंग पूलला देतात, आणि तो पूलही तिच्याच जुन्या कोठारात आहे.

शेवटी चाखायला दिली. दोन थेंब पाणी घाला म्हणाले. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं की अल्कोहोल खूप तीव्र असेल तर ग्वायकॉल द्रवाच्या आत दडून बसतं, पाण्याने सौम्य केलं की पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे नाकाजवळ. घातलं पाणी. मैत्रिणीने ग्लास हुंगला, "दवाखाना" एवढंच म्हणाली आणि तो माझ्याकडे सरकवला.