गावातल्या कामाचे कागद आरटीआयने ऑनलाइन कसे मागायचे, पात्रता, फी आणि अपील सगळं

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला की आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो, चार दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. त्या फोटोसोबत कागद हातात असेल, म्हणजे डांबराची जाडी किती मंजूर होती, मोजमाप किती दाखवलं, बिल किती काढलं आणि सही कोणाची, तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. हे कागद मागायचा हक्क माहितीचा अधिकार कायदा २००५ ने, म्हणजेच आरटीआयने दिलाय आणि महाराष्ट्रात अर्ज आता घरबसल्या मोबाईलवरून जातो.

अर्जाच्या आधी एक काम करा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा, आलेला निधी आणि झालेला खर्च वर्षवार दिसतो, सरकारी निविदा महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर असतात, रोजगार हमीचे मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, नरेगाच्या वेबसाइटवर. तिथून कामाचं नाव ऑफिसच्या रेकॉर्डला जसं आहे तसंच उतरवून घ्या, वर्ष आणि रक्कमसुद्धा, कारण अर्जात "आमच्या गावचा रस्ता" असं लिहिलं की "कोणता रस्ता ते स्पष्ट करावे" असं पत्र येतं आणि महिना गेला.

पात्रता सोपी आहे, भारताचा नागरिक असलात की झालं. संस्था, मंडळ किंवा पक्षाच्या नावाने अर्ज करू नका, हक्क नागरिकाचा आहे म्हणून स्वतःच्या नावाने करा. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे कोणी फोन करून कारण विचारलं तर नम्रपणे हे कलम सांगा.

कागदपत्रं जवळजवळ लागतच नाहीत. नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल पुरतं. दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्याचा दाखला अपलोड करा, फी माफ होते. बाकीच्यांना १० रुपये, ते पोर्टलवरच ऑनलाइन भरायचे. राज्याचं पोर्टल म्हणजे आरटीआय ऑनलाइन महाराष्ट्र, केंद्राचं वेगळं आहे, त्यामुळे पोस्ट, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग असल्या ऑफिसांचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर टाकू नका. आपलं ऑफिस यादीत सापडलंच नाही तर जोडपत्र अ, म्हणजे आरटीआय अर्जाचा ठरलेला नमुना, भरून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ऑफिसात देऊन पोच घ्या. पोच नसेल तर पुढे अपिलात हाताशी काहीच राहत नाही.

आता खरा मुद्दा, लिहायचं काय. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मनातला सगळा राग तिथे मावत नाही आणि मावायची गरजही नाही. "रस्ता खराब का झाला", "भ्रष्टाचार कोणी केला" असे प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारी रेकॉर्डवर असलेलंच देतो, मत देत नाही, आणि असा अर्ज आरामात निकाली काढता येतो. कागदाचं नाव घेऊन मागा. रस्त्याच्या कामासाठी मी म्हणेन इतकं मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या त्या कामाच्या पानांची प्रत, दिलेली बिलं, गुणवत्ता चाचणीचे रिपोर्ट, आणि दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड झाला तर ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करायचा असतो) कधीपर्यंत आहे ते दाखवणारा करारातला भाग. सगळं साक्षांकित प्रतीत. यातली मोजमाप पुस्तिका, लोक तिला एमबी म्हणतात, ती सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथे लिहिलेली लांबी-रुंदी तुम्ही टेप घेऊन जागेवर जाऊन पडताळू शकता. कलम २ मध्ये तर कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, फार कमी लोक वापरतात तो.

कोणाची खाजगी माहिती मात्र मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती न देण्याची अधिकाऱ्यांना असलेली सवलत आणखी रुंद केलीय, मला तर ही मोठी काळजीची गोष्ट वाटते कारण नावं असलेले मस्टर किंवा लाभार्थी याद्या अडवायला ती वापरता येईल. तसं झालं तर कलम ८(२) दाखवा, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते.

अर्ज गेला की नोंदणी क्रमांक येतो, तो जपून ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा असतो. प्रतींसाठी पानाला २ रुपये लागतात, पण मुदत उलटून गेल्यावर दिली तर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत त्याच ऑफिसच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, फी २० रुपये. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, मूळ अर्ज, पोच, मिळालेली उत्तरं आणि पहिल्या अपिलाचा निर्णय जोडून. आयोग दोषी अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड करू शकतो. आयोगाकडे प्रकरणं खूप साचलीत, वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा आणि कोणता कागद मिळाला नाही त्याची यादी लेखी द्या, बरीच कामं तिथेच होतात.

तोपर्यंत दुसरा रस्ताही वापरा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या जीआरप्रमाणे जिल्हास्तरावरच्या ऑफिसांत आणि जिल्हा परिषद, महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघता येतात. जाताना जीआरची प्रिंट सोबत न्या. आणि कोणी थेट पैसेच मागितले तर तो आरटीआयचा विषयच नाही, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४, पैसे देण्याआधी तिथे फोन करा.