मेल प्रोग्राममध्ये खातं जोडताना इतके प्रश्न का येतात : थोडी पार्श्वभूमी

थंडरबर्ड नाहीतर आउटलुकमध्ये नवीन खातं जोडायला बसलं की हल्ली नाव, पत्ता, पासवर्ड एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. पण ते आपोआप जमलं नाही की जी मॅन्युअल खिडकी उघडते ना, ती बघून भलेभले गांगरतात. इनकमिंग सर्व्हर वेगळा, आउटगोइंग वेगळा, पॉप की आयमॅप, पोर्ट नंबर काय, एसएसएल की स्टार्टटीएलएस (मेल वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद न्यायच्या दोन पद्धती), सर्व्हरवर कॉपी ठेवायची का, किती दिवस... अरे बाबा पत्ता एकच आहे, कंपनी एकच आहे, मग मेल यायचा सर्व्हर एक आणि जायचा दुसरा, हे कशाला? तर ही खिडकी कोणी एकदा बसून विचार करून बनवलेलीच नाही. चाळीस-पन्नास वर्षांत जी जी अडचण आली तिचा एकेक रकाना वाढत गेला, आणि त्यातल्या निम्म्या अडचणी आपण गोव्यात बसून भोगल्यात, फोनच्या बिलासकट.

सुरुवात 1971 ची. रे टॉमलिन्सनने अमेरिकेत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप पाठवला आणि नाव व मशीन वेगळं करायला मधे ॲटचं चिन्ह टाकलं. 1982 मध्ये मेल पाठवायचा नियम ठरला, एसएमटीपी. तेव्हाचे कॉम्प्युटर म्हणजे विद्यापीठातली मोठी धुडं, चोवीस तास चालू, माणूस टर्मिनलवर बसून तिथल्या तिथेच मेल वाचायचा. त्यामुळे फक्त "पाठवणे" एवढ्याचीच सोय लागायची, समोरचा कायम जागा. मग पर्सनल कॉम्प्युटर आले आणि ते तर संध्याकाळी बंद करून लोक घरी जायला लागले! बंद मशीनवर मेल येणार कुठून? म्हणून 1984 मध्ये पॉप निघाला आणि 1988 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती, जी आपण अजून वापरतो. पोस्टात पेटी भाड्याने घेतात तसं, मेल सर्व्हरवर पडून राहील, तुम्ही वेळ मिळेल तेव्हा येऊन उचलून न्या. पॉपला मेल पाठवता येत नाही, कारण पाठवायला एसएमटीपी होताच की. झालं, तिथून दोन सर्व्हर, दोन रकाने.

आयमॅप पण काही नवीन नाही बरं का. स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिनने तो 1986 च्या सुमारास मांडला, म्हणजे पॉपच्या तिसऱ्या आवृत्तीच्याही आधी. त्याचा विचार उलटा होता, मेल सर्व्हरवरच राहू दे, तुमचा प्रोग्राम फक्त तो दाखवेल. विचार चांगला, पण त्याला लाईन चालू पाहिजे आणि सर्व्हरवर जागा पाहिजे, आणि आपल्याकडे तेव्हा त्या दोन्हींचा दुष्काळ.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून, आधी मोठ्या शहरांत. ज्या गावात नोड, म्हणजे इंटरनेटला जोडून देणारं केंद्र, नाही त्याने एसटीडी लावून दुसऱ्या शहराच्या नोडला फोन करायचा, म्हणजे मीटर कसा पळायचा ते ज्याने भरलंय त्यालाच विचारा. नंतर गोव्यातच दूरसंचार खात्याचा नोड आला आणि पत्ते मिळाले "गोवा-वन डॉट डॉट डॉट नेट डॉट इन" असले. मधला डॉट म्हणजे खात्याचं इंग्रजी लघुरूप, पण फोनवर कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणायचा, बाबा अडखळतोस का. मग गोवाटेलिकॉम डॉट कॉम आलं, संचारनेट आलं, आणि पणजी-मडगाव-म्हापशाच्या दुकानांच्या पाट्यांवर, हॉटेलांच्या कार्डांवर, वकील-सीएंच्या लेटरहेडवर ते छापून बसले. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांचे पत्ते तर "दर्या डॉट एनआयओ डॉट ऑर्ग" असे असायचे, सर्व्हरचं नावच दर्या, हे मला अजूनही सगळ्यात झकास वाटतं.

आता डायलअपवर मेल कसा बघायचे ते आठवा. मॉडेम किर्रर्र करून जोडला जायचा, घरचा फोन तेवढा वेळ एंगेज, आणि कॉलचे पैसे जितका वेळ तितके. त्यामुळे लाईन चालू ठेवून निवांत मेल वाचणं हा शुद्ध उधळेपणा. पद्धत अशी की उत्तरं आधी ऑफलाईन लिहून आउटबॉक्समध्ये रचून ठेवायची, मग जोडायचं, सेंड-रिसीव दाबायचं, आलेलं सगळं खाली ओढायचं आणि लगेच लाईन तोडायची. आउटलुक एक्स्प्रेसच्या सेटिंगमध्ये तर "काम झाल्यावर फोन ठेवून दे" असा चक्क एक टिकमार्कच होता! आउटबॉक्स, वर्क ऑफलाईन, सेंड-रिसीव ही सगळी बटणं त्या काळातली, आज फायबरवर बसून आपण ती दाबतो आणि ती कशाला आहेत कोणाला पत्ताच नसतो.

हे प्रोग्राम आले कुठून तेही बघा. युडोरा 1988 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीव्ह डॉर्नरने लिहिला, नंतर क्वालकॉमने घेतला. पेगसस न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिसने 1990 पासून जवळजवळ एकट्याने चालवला, तोही फुकट. आणि मग 1997 ला आउटलुक एक्स्प्रेस, जो इंटरनेट एक्स्प्लोररबरोबर आपोआप यायचा, म्हणजे कॉम्प्युटर बसवून देणारा पोरगा तोच सेट करून जायचा आणि तेच "ईमेल" झालं. त्यात आयडेंटिटी नावाची सोय होती, घरात मशीन एक आणि माणसं चार, प्रत्येकाची मेलपेटी वेगळी. बोटीवरच्या तारवट्याच्या, म्हणजे खलाशाच्या, किंवा गल्फात असलेल्या माणसाच्या घरी ती खरोखर उपयोगी पडायची.

गोव्यात दोन जाती तेव्हाच पडल्या असं माझं मत आहे. ज्यांच्या घरी किंवा ऑफिसात कनेक्शन होतं ते डेस्कटॉप प्रोग्रामवाले, आणि जे कळंगुटच्या नाहीतर मडगावच्या सायबर कॅफेत तासावर पैसे भरायचे ते हॉटमेल-याहूवाले. कॅफेतल्या मशीनवर मेल उतरवून काय करणार, ती तर परक्याची. हॉटमेल 1996 चं, जागा फक्त 2 एमबी, पण कुठूनही उघडतं, आणि पत्ता कनेक्शनला बांधलेला नाही. हे शेवटचं तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. कंपनी बदलली, योजना बंद झाली की पत्ता गेला आणि छापलेली कार्डं रद्दीत, हे नंतर समजलं.

मराठीचा त्रास वेगळाच. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठी ठरलेली एकच पद्धत, रुळायच्या आधी मराठी मजकूर फॉन्टवर चालायचा, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती चिन्हांची भेळ. म्हणून वर्तमानपत्राला लेख पाठवताना फाईल ॲटॅच करायची आणि समोर कोणता फॉन्ट आहे ते आधी फोन करून विचारायचं. विंडोज 2000 आणि एक्सपीपासून देवनागरी नीट दिसायला लागली तरी आउटलुक एक्स्प्रेसमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-8, म्हणजे युनिकोडचं, करून ठेवावं लागायचं, नाहीतर उत्तरात सगळी प्रश्नचिन्हं.

पासवर्डाची गोष्ट त्याहून गमतीची. मूळ एसएमटीपीला पासवर्डच नव्हता, कोणीही यावं आणि कोणाच्याही नावाने मेल टाकावा. स्पॅमवाल्यांनी त्याचं सोनं केलं. तेव्हा काही ठिकाणी जुगाड निघाला की आधी मेल रिसीव करा, त्यात पासवर्ड तपासला जाईल, मग पुढची काही मिनिटं तुम्हाला पाठवायची मुभा. कित्येक ऑफिसातले जुने कारकून "पयलं रिसीव कर, मागीर सेंड" म्हणायचे ते उगाच नव्हे. 1999 ला पाठवतानाही पासवर्ड घेण्याचा नियम झाला, तोच तो "माझ्या सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं" वाला टिकमार्क. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर घातलेलं दार, त्यातलं मेल पाठवायचं जुनं पोर्ट 25 बऱ्याच इंटरनेट सेवा कंपन्यांनी ग्राहकांसाठी अडवलं, म्हणून पाठवायला 587 किंवा 465, आणि घ्यायला एन्क्रिप्शनसकट 995 पॉपला, 993 आयमॅपला.

मग 1 एप्रिल 2004 ला जीमेल, 1 जीबी! लोकांना एप्रिल फूल वाटलं. त्याच वर्षी 7 डिसेंबरला थंडरबर्ड 1.0 आला. 2007 मध्ये जीमेलने आयमॅप दिला, पाठोपाठ हातात स्मार्टफोन आले आणि पॉपची खरी गोची तेव्हा दिसली, ऑफिसच्या मशीनने सकाळी मेल उचलला की फोनवर काहीच नाही. "सर्व्हरवर कॉपी ठेवा" हा रकाना तिथे कामी येतो. तरी पॉपवाले हटले नाहीत, कारण मेल आपल्या मशीनवर म्हणजे आपला, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का, आणि मला तो पूर्ण चुकीचा वाटत नाही. फक्त त्याची किंमत होती. आउटलुकची पीएसटी फाईल, ज्यात उतरवलेला सगळा मेल साठतो, ती 2002 च्या आवृत्तीपर्यंत 2 जीबीच्या वर गेली की बिघडायची, ती मर्यादा 2003 मध्ये वाढली. वर्षाला एक पीएसटी करून कपाटातल्या फाईलीसारखी ठेवायची सवय तिथली. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये खोडलेला मेलही डीबीएक्स फाईलमध्ये तसाच राहायचा, कॉम्पॅक्ट करून फाईल आवळेपर्यंत, आणि ते चालू असताना वीज गेली की संपलं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाते ते सांगायला नको.

थंडरबर्डने 2009 च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर आणि पोर्ट स्वतः शोधायची सोय आणली, आज जे तीन रकान्यांत भागतं ते त्यामुळे. मध्यंतरी 2012 ला थंडरबर्ड बनवणाऱ्या मोझिलाने त्यातून अंग काढल्यासारखं केलं, पण प्रोग्राम देणग्यांवर टिकला आणि 2020 पासून मोझिला फाउंडेशनच्याच एका वेगळ्या कंपनीखाली आहे.

सगळ्यात ताजा रकाना मात्र दिसतच नाही. गूगलने मे 2022 अखेर साधा पासवर्ड घेणं वैयक्तिक खात्यांसाठी बंद केलं, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून ऑफिसच्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये वैयक्तिक खात्यांसाठी. आता ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे लॉगिन करा, प्रोग्रामला फक्त परवान्याचं टोकन मिळतं. जुन्या आउटलुकला हे कळत नाही, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारत बसतो. गूगलकडे ॲप पासवर्ड, म्हणजे एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, ही पळवाट आहे, टू-स्टेप (पासवर्डाशिवाय आणखी एक तपासणी) चालू केल्यावरच मिळते. विंडोजबरोबर येणारा मेल ॲप 31 डिसेंबर 2024 ला बंद झाला आणि त्याच्या जागी जो नवा आउटलुक आला त्यात जीमेलसारखं दुसऱ्याचं खातं जोडलं तर तुमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधूनही फिरतो. खातं जोडताना तो हे विचारतो, पण लोक वाचतात कुठे, कंटिन्यू दाबून मोकळे.