प्रिंट काळपट आली? लॅबवाल्यावर लगेच घसरू नका

रंकाळ्यावरच्या मावळतीचा फोटो कॉम्प्युटरवर झक्क दिसतो आणि लॅबमधून प्रिंट आली की काळपट. मग आपल्याकडं ठरलेलं वाक्य: "मशीनची शाई संपत आलीया." बऱ्याच लॅबमध्ये तर शाईच नसते! सिल्व्हर हॅलाइड म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या कागदावर लाल, हिरवा, निळा प्रकाश पाडून तो रसायनात धुतात. म्हणून 'लग्नपत्रिकेसारखं सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून द्या' हा सल्लाही तिथं फुकट. साधी एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या नेहमीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची फाइल द्या.

खरा घोळ पडद्याचा. पडदा स्वतः उजळतो, कागद समोरचा उजेड फक्त परत फेकतो. प्रिंटसाठी मॉनिटरचा उजेड साधारण 80 ते 120 कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर (पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवतात. नवाकोरा मॉनिटर बऱ्याचदा त्याच्या कितीतरी पुढं असतो. त्यावर बघून आपणच फोटो गडद करून बसतो. माझी 'बिघडलेली' प्रिंट जिन्यातल्या ट्यूबखालून दारातल्या उन्हात नेली, तर फोटोत कट्ट्यावर बसलेली माणसं एकेक दिसायला लागली. सूर्याभोवतीचा पेटता नारिंगी मात्र कागदाला पेलत नाही, तिथं कुणाचाच इलाज नाही.

पडद्याशेजारी कोरा कागद धरा, दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मोठी प्रिंट काढण्याआधी चार बाय सहाची एक काढून बघा.