अमेरिकेचा व्हिसा आणि सोशल मीडिया : अकाउंट डिलीट करण्याआधी हे वाचा

(नौपाडा, ठाणे येथील आमच्या ऑफिसातून डीएस-१६० फॉर्म, म्हणजे अमेरिकी व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

“विमानतळावर फोन बघून परत पाठवतात म्हणे. मग फेसबुक बंदच करून टाकू का?” मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले आईवडील हे विचारतात, एमएसला निघालेली मुलं विचारतात, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले एच-१बीवालेही (तिथल्या नोकरीच्या व्हिसावर जाणारे) विचारतात. बरेच जण तर न विचारताच बंद करून येतात आणि मग फॉर्म अडकतो.

आमचं सांगणं असं : काही डिलीट करू नका, काही लपवू नका आणि हँडल (अकाउंटचं युजरनेम) जसंच्या तसं द्या.

फॉर्ममध्ये काय विचारतात

२०१९ च्या मे अखेरीपासून डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाउंट्सची माहिती द्यावी लागते. फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर (आताचं एक्स), लिंक्डइन, यूट्यूब, पिंटरेस्ट, रेडिट ही आपल्या कामाची नावं. फॉर्मच्या यादीत काही चिनी आणि रशियन नावंही आहेत, वापरली नसतील तर त्यांचा विचार करू नका. एकाच ठिकाणी दोन अकाउंट्स असतील तर दोन्ही लिहायची. पाच वर्षांतले सगळे फोन नंबर आणि ईमेलही विचारतात. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही, पण त्याचा नंबर फोनच्या रकान्यात येतोच.

पासवर्ड देऊ नका असं फॉर्मवरच लिहिलेलं आहे. तरी काही जण आम्हाला व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवतात. कृपया पाठवू नका. पाठवला असेल तर आजच बदला.

प्रश्न “वापरलेल्या” अकाउंटचा आहे, “चालू” अकाउंटचा नाही. मागच्या वर्षी बंद केलेलं इन्स्टाग्रामही लिहावंच लागतं. म्हणजे डिलीट करून रकाना सुटत नाही, उलट हँडल शोधायचा रस्ता बंद होतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर डिलीटची विनंती केल्यापासून ३० दिवस अकाउंट परत उघडता येतं. त्या मुदतीत असाल तर आधी लॉगिन करून ते परत सुरू करा, मगच आमच्याकडे या.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

आम्ही हँडल मागतो आणि ग्राहक नाव पाठवतात. “फेसबुक : सुनील पाटील.” या नावाची हजारो माणसं फेसबुकवर आहेत. प्रोफाइलवर ठळक दिसतं ते नाव, आणि अकाउंटची खरी ओळख म्हणजे युजरनेम. फॉर्मला युजरनेम लागतं.

ते कुठे सापडतं? इन्स्टाग्रामवर तुमच्या प्रोफाइलच्या अगदी वरच्या ओळीत. एक्सवर आणि यूट्यूबवर नावाखाली @ या चिन्हापासून सुरू होतं ते. लिंक्डइनवर प्रोफाइलमधल्या ‘कॉन्टॅक्ट इन्फो’मध्ये लिंक असते, तिचा शेवटचा भाग. फेसबुकवर ब्राउझरमध्ये प्रोफाइल उघडून वरचा पत्ता बघा. काहींना तिथे युजरनेमऐवजी लांबलचक आकडा दिसतो. मग तोच आकडा द्यायचा.

हे टाइप करून पाठवू नका, स्क्रीनशॉट पाठवा. अंडरस्कोर एक की दोन, मधे डॉट आहे की नाही, शून्य आहे की इंग्रजी ओ, यात टाइप करताना हमखास गडबड होते. एक अक्षर चुकलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी अकाउंट ठरतं, आणि त्या अनोळखी माणसाने काय लिहून ठेवलंय ते तुमच्या नावावर वाचलं जाऊ शकतं.

विसरलेली अकाउंट्स शोधायला दोन सोपे मार्ग आहेत. फोनमधला गूगलचा पासवर्ड मॅनेजर उघडा, ज्या ज्या साइटचा पासवर्ड सेव्ह केलाय त्यांची यादी दिसते. मग जुन्या ईमेलमध्ये इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट, रेडिट अशी नावं टाकून शोधा, अकाउंट उघडल्याच्या वेळचा मेल बहुधा निघतो. ज्येष्ठ ग्राहकांनी मुलांना आणि नातवंडांना नक्की विचारावं, कारण आजीआजोबांचं फेसबुक पुष्कळदा त्यांनीच उघडून दिलेलं असतं. घरगुती व्यवसायाचं, डब्याचं, क्लासचं पेज तुम्हीच चालवत असाल तर तेही सांगा.

“सरळ ‘नन’ लिहा ना!”

काही ठिकाणी सरसकट ‘नन’ (None, म्हणजे एकही अकाउंट नाही) निवडून पाच मिनिटांत फॉर्म देतात. आम्ही देत नाही, आणि त्यावरून ग्राहक नाराज झाले तरी देणार नाही. भारतातल्या अमेरिकी दूतावासाने जून २०२५ मध्ये स्पष्ट बजावलं आहे की सोशल मीडियाची माहिती गाळली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसांसाठीही अपात्र ठरू शकता. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका अमेरिकी कायद्यात कायमचा चिकटतो, विशेष सूट मिळाल्याशिवाय सुटत नाही. जुन्या पोस्टबद्दल मुलाखतीत प्रश्न आला तर निदान उत्तर देता येतं. ‘नन’ लिहिलेलं असताना अकाउंट सापडलं तर बोलायला काही उरत नाही. आणि सही तुमची असते.

ज्याच्याकडे खरोखर एकही अकाउंट नाही, त्याने ‘नन’ लिहिण्यात काहीच गैर नाही.

प्रायव्हसी सेटिंग

एफ, एम (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसाच्या अर्जदारांना जून २०२५ पासून प्रोफाइल ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं आहे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) हेही त्यात आले. प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ असेल तर २२१(जी)ची, म्हणजे निर्णय तूर्त अडवल्याची, चिठ्ठी मिळून पासपोर्ट अडकून राहू शकतो. यादीत अजूनही भर पडू शकते, म्हणून आम्ही फॉर्म भरण्याच्या दिवशी दूतावासाच्या सूचना पुन्हा पाहतो. पब्लिक करण्याआधी मुलींनी प्रोफाइलवरचा घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र काढावा. त्यात लपवाछपवी नाही, ती साधी खबरदारी आहे.

राजकीय पोस्टची भीती सगळ्यांना असते, पण आमच्या टेबलावर सर्वाधिक सापडते ती विसंगती लिंक्डइनवर. फॉर्ममध्ये नोकरी जून २०२१ पासून आणि लिंक्डइनवर जानेवारीपासून. फॉर्ममध्ये “पर्यटन” आणि प्रोफाइलवर हिरव्या पट्टीत “ओपन टु वर्क”, ठिकाण न्यू जर्सी. टुरिस्ट व्हिसावर निघालेल्या माणसाला याचं उत्तर देणं फार जड जातं. तारखा ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटरवरून पडताळा, आणि जे चुकीचं आहे ते दुरुस्त करा.

विमानतळावर

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नाही. अंतिम निर्णय तिथल्या सीबीपी (अमेरिकेचं सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खातं) अधिकाऱ्याचा असतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात सीबीपीने सुमारे ४७ हजार प्रवाशांची उपकरणं तपासली, प्रवासी होते ४२ कोटींच्या आसपास. म्हणजे साधारण नऊ हजारांत एक. पण ज्याच्यावर वेळ येते त्याचं सगळंच अडतं. २०१९ मध्ये हार्वर्डला प्रवेश मिळालेल्या एका विद्यार्थ्याला बोस्टनहून परत पाठवलं गेलं. त्याचं म्हणणं होतं की आक्षेप घेतलेल्या पोस्ट त्याच्या नव्हत्या, मित्रांच्या होत्या. दहाएक दिवसांनी त्याला प्रवेश मिळाला. मार्च २०२५ मध्ये त्याच विमानतळावर एका डॉक्टरला एच-१बी असूनही परत पाठवलं, आणि सरकारी बाजूने दाखवलेले फोटो तिच्या फोनमधल्या डिलीट केलेल्या फोल्डरमधले होते. निघण्याच्या आदल्या रात्री फोन साफ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अधिकाऱ्याने फोन मागितला तर पासकोड द्यायला नकार देता येतो, पण अमेरिकेचा नागरिक नसलेल्याला त्यावरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नियमानुसार तपासणीआधी फोनचं नेटवर्क बंद करतात आणि फोनमध्ये साठवलेलंच बघतात. फोन ठेवून घेतला तर पावती मागून घ्या. कंपनीचा लॅपटॉप नेत असाल तर निघण्याआधी कंपनीच्या आयटी विभागाला विचारा.

आजच करण्यासारखं एक काम : व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा, आणि ‘चॅट्स’मधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ही. सोसायटीच्या आणि शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर कोण काय टाकेल यावर तुमचा ताबा नाही, पण ते तुमच्या गॅलरीत साठायला नको.

व्हिसा हातात आल्यावरही नजर असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने सहा परदेशी नागरिकांचे व्हिसा त्यांच्या पोस्टवरून रद्द केल्याचं जाहीर केलं.

दुबईला जाणाऱ्यांना हा फॉर्म नसतो, पण तिथे २०२१ चा सायबर कायदा आहे. अफवा पुढे पाठवणं आणि परवानगीशिवाय कुणाचे फोटो काढून टाकणं हे तिथे गुन्हे आहेत.

आमची पद्धत

आम्ही दोन बैठका घेतो. पहिल्या बैठकीत हँडलची यादी करतो, प्रत्येक हँडल तुमच्यासमोर उघडून बघतो आणि यादीवर तुमची सही घेतो. दुसऱ्या बैठकीत फॉर्म वाचून दाखवतो. शेवटचं सहीचं बटण तुम्हीच दाबायचं, कारण फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही अर्जदारानेच करावी असा नियम आहे. फॉर्म भरायला कुणी मदत केली, हा प्रश्नही त्यात आहे आणि तिथे आम्ही आमचं नाव देतो.

एका संध्याकाळी फॉर्म मागू नका. सबमिट केलेला डीएस-१६० दुरुस्त करता येत नाही. नवा भरावा लागतो, त्याचा क्रमांक बदलतो, आणि तो अपॉइंटमेंटशी जुळवला नाही तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटच्या दारातून परत यावं लागू शकतं. टुरिस्ट आणि विद्यार्थी व्हिसाची फी १८५ डॉलर आहे, व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. हँडल पडताळणीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, ते फॉर्मच्या फीमध्येच आहे. दुसरीकडे भरलेला फॉर्म सबमिट करण्याआधी तपासून हवा असेल तर तेही करतो.

पहिल्या बैठकीला येताना पासपोर्ट, रोजच्या वापरातला फोन, जुना फोन घरात पडून असेल तर तो चार्ज करून, आणि पाच वर्षांतले फोन नंबर व ईमेल एका कागदावर लिहून आणा. नवराबायको एकत्र अर्ज करत असतील तर दोघांच्या याद्या वेगळ्या हव्यात.