क्वेवरी (जॉर्जियाची रांजणातली वाइन)

क्वेवरी म्हणजे जॉर्जियात वाइनसाठी गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात तो मातीचा मोठा रांजण. जॉर्जिया म्हणजे कॉकेशसमधला देश बरं का, अमेरिकेतलं राज्य नाही, सर्च करताना हा घोळ हमखास होतो. या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी होते, तिला र्त्वेली म्हणतात, सगळं घर, पाहुणे, शेजारी कामाला लागतात. द्राक्षं लाकडी डोणीत पायाने तुडवायची आणि रस क्वेवरीत ओतायचा, काखेती भागात तर साली, बिया, देठ असा सगळा चोथाही (चाचा) सोबत जातो. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, आपोआप आंबतं, फक्त वर तरंगणाऱ्या साली दिवसातून काही वेळा काठीने खाली दाबाव्या लागतात. आंबणं संपलं की झाकण मातीने लिंपून टाकायचं ते थेट वसंतात उघडायचं. खरी गंमत आकारात आहे, बूड निमुळतं असल्यामुळे बिया तळाशी जमतात, त्यांच्यावर साली बसतात आणि बियांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही, शिवाय भोवतीच्या मातीमुळे तापमानही फार वरखाली होत नाही. र्कात्सितेलीसारख्या पांढऱ्या द्राक्षांची वाइनसुद्धा सालींमुळे गडद सोनेरी आणि बऱ्यापैकी तुरट होते, पहिल्या घोटाला सगळ्यांनाच आवडेल असं नाही. पश्चिमेकडच्या इमेरेतीत साली कमी घालतात म्हणून तिथली हलकी लागते.

रांजण घडवणारे आता मोजकेच राहिलेत. चाक वापरत नाहीत, मातीच्या वळकट्या एकावर एक रचत थोडं थोडं वाढवायचं, सुकू द्यायचं, परत पुढचा थर, मग भट्टी, आणि भाजलेला रांजण गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण. धुणं हे वेगळंच किचकट काम, चेरीच्या सालीचा ब्रश लांब दांड्याला बांधून घासतात, मोठा असेल तर माणूस आत उतरतो.

8000 वर्षांची परंपरा असं सगळीकडे वाचायला मिळतं. तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या खापरांत इसवी सनापूर्वी 6000 च्या आसपासच्या वाइनचे अंश सापडले (2017 चं संशोधन), ते पक्कंच आहे, पण ती भांडी आजच्या क्वेवरीइतकी मोठी नव्हती, त्यामुळे तेव्हापासून हीच पद्धत असं म्हणणं जरा जास्तच होतं.

सोव्हिएत काळात सरकारी कारखान्यांना हवं होतं भरपूर उत्पादन, 500 हून जास्त देशी वाणांपैकी र्कात्सितेली आणि सापेरावी असे थोडेच पुढे राहिले. क्वेवरी टिकली ती घरोघरच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या खोलीत, आणि मठांमध्ये. 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली (ती 2013 मध्ये उठली), तेव्हा दुसरी गिऱ्हाइकं शोधणं भाग पडलं आणि युरोप-अमेरिकेत इतर वाइनपेक्षा वेगळी म्हणून हीच नजरेत भरली.

वाइन काढून झाल्यावर उरलेला चोथाही वाया घालवत नाहीत, तो गाळून कडक दारू काढतात, तिचंही नाव चाचाच.