घर-बागेच्या वाटणीत किमतीवर अडलंय? त्रयस्थ व्हॅल्युअर कसा नेमायचा

थोरल्याने कोकणातलं घर आणि बाग ठेवायची, डोंबिवलीच्या धाकट्याला आणि दोन बहिणींना पैसे द्यायचे, इथपर्यंत गणपतीच्या पाच दिवसांत एकमत होतं. घोडं अडतं ते आकड्यावर. ठेवणारा रेडी रेकनरचा दर दाखवतो, सोडणारा समुद्राकडच्या बंगल्याच्या प्लॉटचा. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क काढण्यासाठीचा सरकारी तक्ता आहे. तुमची विहीर गोडी की मचूळ, हे त्याला कळत नाही. आणि तो प्लॉट बिगरशेती, रस्त्याला लागून. तुमची बाग पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, उतरून खाली. दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि तिसऱ्याला बोलवा.

हा तिसरा म्हणजे जमिनीचा एजंट नव्हे. त्याला उद्या तीच जागा विकायची असते. नोंदणीकृत मूल्यांकनकार, म्हणजे आपल्या बोलण्यातला व्हॅल्युअर, दोन प्रकारे नोंदलेला असतो: संपत्ती कर कायदा 1957च्या कलम 34 एबीखाली (कर 2015 मध्ये गेला, नोंदणी राहिली) किंवा कंपनी कायदा 2013च्या कलम 247खाली. प्रमाणपत्र मागून बघा. पहिल्या नोंदणीत इमारत आणि शेतजमीन हे वेगळे वर्ग आहेत. चिरेबंदी घरासोबत आंब्याच्या कलमांची बागही मोजायची, तर त्याचा अधिकार दोन्हीला पुरतो का, हे आधीच विचारलेलं बरं.

व्हॅल्युअर नेमायच्या संमतीपत्रावर सह्या कोणाच्या लागतात? सगळ्या हिस्सेदारांच्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. एका बहिणीला वगळून काढलेली किंमत उद्या तिच्या एका नोटिशीने फुकट जाते. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर मृत्यूचा दाखला घेऊन आधी तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्या.

मग संमतीपत्र. माझ्या मते सगळं काम इथेच जिंकतं किंवा हरतं, आणि लोक याच कागदाला कंटाळतात. सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर, किंमत कोणत्या तारखेची धरायची, फी कोण किती देणार, हे लिहाच. व्हॅल्युअरचा आकडा सर्वांना बंधनकारक की नुसता सल्ला, हेही लिहा. लिहिलं नाही, तर कायद्याच्या नजरेत ते तज्ज्ञाचं मत, त्यापलीकडे काही नाही. आणि कोकणातला खास मुद्दा: गावात राहिलेल्या भावाने पदरच्या पैशाने लावलेली आंब्याची कलमं, घातलेला गडगा (दगडी कुंपण), मारलेली बोअर किमतीत धरायची की वगळायची? हे व्हॅल्युअर ठरवू शकत नाही. तो अंगणात येण्याआधी तुम्हीच ठरवायचं. नाहीतर अहवाल हातात पडल्यावर भांडण पहिल्या पायरीवर येतं.

कागद म्हणाल तर सातबारा, 8 अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर 15 रुपयांत निघतो. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं, त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8चा उतारा, आणि स्वामित्व योजनेत गावाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. हद्दीवर शंका असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आणि भूधारणेचा प्रकार तर वाचाच. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळकायदा कलम 43चा शेरा किंवा भोगवटादार वर्ग 2 (दोन्हींत विक्रीवर बंधन), यातलं काहीही असलं तर किंमत उतरते. किनाऱ्यालगत सीआरझेडचंही, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामबंधनांचंही, तेच.

बागेसाठी वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे आंबा विकल्याचे हिशोब, जपून ठेवलेल्या असतील तर सोनं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, म्हणून चार-पाच वर्षांच्या पट्ट्या द्या. कल्टार (मोहोर आणणारं औषध) घालून घेतलेलं एकच भरघोस वर्ष दाखवाल, तर आकडा फुगेल. बाग कराराने दिली असेल, तर कराराचा कागद जोडा. व्हॅल्युअर पाहणीला येईल त्या दिवशी सगळे, निदान प्रत्येकाकडचं एक माणूस, हजर हवं. कलमं मोजताना रायवळही (कोयीपासून वाढलेली झाडं) त्यात मोजली गेली का, हे तिथेच दिसतं.

आकडा मान्य झाला की वाटणीपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, नंतर फेरफार. हिस्सा सोडणाऱ्याने पैसे घेऊनही दस्तात "विनामोबदला हक्कसोड" लिहिण्याची चाल आपल्याकडे आहे, कारण मोबदल्याच्या हक्कसोडीला खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं. पण ठरलेल्या पैशांचा हप्ता थकला, तर बहिणीच्या हातात पुरावा काय? शुल्क किती याबद्दल शंका असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक कायद्याच्या कलम 31खाली अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क ठरवून मिळण्याचा, अर्ज करा.

एखादा भाऊ संमतीपत्रावर सहीच करत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीत दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज देता येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नाही. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तेही फसलं तर वाटणीचा दावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9खाली बाजारभाव ठरवायला कोर्ट आपला माणूस, म्हणजे आयुक्त, नेमू शकतं. आणि कोणी रागाच्या भरात राहत्या घरातला आपला हिस्सा परक्याला विकला नि तो वाटणी मागत कोर्टात आला, तर वाटणी कायदा 1893च्या कलम 4खाली घरच्यांना तो हिस्सा विकत घेता येतो. त्याची किंमतही कोर्टच ठरवून घेतं.